सहावी आकृती

सहदेवचं ते पत्र आलं तेव्हा नारायणरावांनी ते दारातच वाचलं, घडी केली आणि लॉग टेबलच्या पुस्तकात ठेवून दिलं. त्याला आता एकोणचाळीस वर्षं झाली. उत्तर त्यांनी कधी दिलं नाही. निळं आंतर्देशीय पत्र घड्यांवर पांढरं पडलं होतं, आणि मजकूर तर न उघडताही पाठ होता.

"नाऱ्या, सहाव्या आकृतीत निम्मं करायचं राह्यलं. तिकडच्या लोकायनं पकडलं, छापूनही आलं. माह्यं राह्यलं ते समजलं. पण तुह्यंही राह्यलं? दोघायचं सारखंच कसं राह्यलं बे? सहावी तू सोता केलती काय, तेवढं खरं लिही. नावाचंही तुले सांगायचं हाये, पण पह्यले हे सांग. सहदेव."

मलकापुरात ही गोष्ट ज्यांना ठाऊक होती त्यांना ती निराळीच ठाऊक होती. नारायणरावांनी कॉलेजात चौतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, आणि दर वर्षी कोणीतरी जुना विद्यार्थी नव्याच्या कानाशी लागे, "फॉरेनच्या पुस्तकात 'मानकर पद्धत' म्हणून आहे ना, ती मुळात आपल्या सरांची. दोस्तानं चोरली." नारायणराव यावर कधी हो म्हणाले नाहीत आणि कधी नाही म्हणाले नाहीत. ते नुसता चष्मा पुसत. लाजऱ्या माणसाचं गप्प बसणं लोकांना मोठेपणा वाटतं. त्यांनी तो वाटू दिला.

आणि त्यात खोटंही फार नव्हतं.

सहदेव मानकर सोनाळ्याचा, नारायण मलकापूरचा. नागपूरला एम.एस्सी.ला दोघे एका बाकावर बसले आणि पुढे मुंबईच्या एका संशोधन संस्थेत एकाच वर्षी दाखल झाले. तिथं नारायणला चारचौघांत उभं राहून बोलता येईना. एकदा सेमिनारमध्ये इंग्रजीच्या मधेच 'होऊन राह्यलं' तोंडून निघालं आणि मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. त्यानंतर फळ्यासमोर त्याची जीभ टाळूला चिकटायची ती चिकटायचीच. सहदेवही तसाच बोलायचा, पण छाती काढून. त्याला हसणारा माणूस शेवटी स्वतःच खाली बघे. म्हणून न ठरवताच ठरून गेलं, की गणित दोघांचं आणि बोलणं सहदेवचं. मग नारायणचे वडील गेले. तो थिसिस अर्धा टाकून गावी आला आणि कॉलेजात लागला. गणित मात्र सुटलं नाही. ते टपालानं चालू राहिलं.

ते होतं क्वांटम फील्ड थिअरीचं. वर्गात नारायणराव ते असं समजावत: तुम्हाला वाटतं, इलेक्ट्रॉन एकटाच चालला आहे. तो एकटा कधीच नसतो. वाटेत तो काहीतरी सोडतो, परत उचलतो, आणि ते सोडलेलं मधल्या मधे आणखी काही घडवून मोडतं. असं जितक्या तऱ्हांनी होऊ शकतं तितक्या आकृत्या काढायच्या, रेघांच्या आणि वेटोळ्यांच्या. एकेका आकृतीचं एकेक इंटिग्रल, आणि ते सोडवायला पानंच्या पानं. गंमत अशी, की बहुतेकांचं उत्तर अनंत येतं. पण सगळ्या आकृत्यांची बेरीज केली की अनंताला अनंत कापतं आणि मागे एक लहानसा, शहाणा आकडा उरतो. तो प्रयोगशाळेत मोजता येतो.

सहदेवच्या प्रश्नात अशा सहा आकृत्या होत्या. ताळा पाहायची त्या दोघांची एक रीत होती. एकच आकृती दोघांनी आपापल्या घरी, एकमेकांना काही न विचारता सोडवायची. उत्तर पाकिटात घालून, लाख लावून एकमेकांना पाठवायचं, आणि दोघांनी दोन गावांत पौर्णिमेच्या सकाळी फोडायचं. "तारीख तू विसरशीन," सहदेव म्हणाला होता, "पन पौर्णिमा तुही माय विसरू देनार नाही." उत्तर जुळलं तर एका शब्दाचं कार्ड टाकायचं: जुळलं.

पाच वेळा ते कार्ड इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलं. पाचव्या आकृतीच्या शेवटी नारायणनं समासात एक ओळ लिहिली होती: 'दुसरी आणि पाचवी आधी एकत्र घ्यावी, मग सोडवावी. अनंत आतल्या आत कटतं.' तीच ओळ त्यानं पाकिटातही घातली. सहदेवच्या पुढच्या पत्रात अक्षरांपेक्षा उद्गारचिन्हं जास्त होती.

दोन वर्षांनी लेख छापून आला. नारायणरावांना तो नागपूरच्या लायब्ररीत दिसला. वर एकच नाव. समासातल्या त्या ओळीचा चार पानांचा विभाग झाला होता, आणि अगदी शेवटी, बारीक टाइपात, 'गणित तपासल्याबद्दल एका मित्राचे आभार.' एका मित्राचे! पॅसेंजरनं परत येताना शेगावला ते पाणी प्यायला उतरले ते गाडीची शिट्टी होईपर्यंत नळाशीच उभे राहिले. नळ चालू होता आणि ओंजळ रिकामी होती.

त्यानंतर तीन वर्षांनी ते निळं पत्र आलं होतं. चोरी करणाऱ्यानं घरधन्याला कुलपाचा जाब विचारावा, तसं.

गेल्या डिसेंबरात पुण्याहून अनुपमा नावाची एक मुलगी आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची बाई. कुठल्याशा संस्थेत शिकवत होती आणि सहदेवच्या हाताखाली पीएच.डी. झाली होती. आधी फोन करून आली, दारात चपला नीट जोडून ठेवल्या, आणि बसल्या बसल्या मुद्द्यावर आली.

"मानकर सर आता सत्त्याहत्तर वर्षांचे आहेत, पुण्यातच असतात. आम्ही विद्यार्थी मिळून त्यांच्या कामावर पुस्तक काढतोय. या पद्धतीवरचं प्रकरण माझ्याकडे आहे."

सत्यभामाबाई चहा घेऊन येतच होत्या. नवऱ्याला जे चाळीस वर्षांत बोलता आलं नव्हतं ते त्यांनी कप ठेवता ठेवता बोलून टाकलं.

"पद्धत कोनाची हाये ते पह्यले विचारा बाई, मंग पुस्तक काढा."

"तेच विचारायला आलेय, काकू."

तिनं पिशवीतून एक कागद काढला. लेखाचा पहिला, टाइप केलेला खर्डा. मथळ्याखाली दोन नावं होती. दुसऱ्या नावावर पेनाची एक सरळ रेघ होती.

नारायणरावांनी तो कागद डोळ्यांजवळ नेला. रेघेखालची अक्षरं वाचता येत होती. आपलं नाव टाइप केलेलं त्यांनी पूर्वी पाहिलं होतं, नेमणुकीच्या पत्रावर, पेन्शनच्या कागदावर. पण हे इथं, त्या मथळ्याखाली! म्हणजे ते लिहिलं गेलं होतं. लिहून मग खोडलं होतं.

"का खोडलं?" त्यांनी विचारलं.

"मी विचारलं सरांना. त्यांना आता ऐकू येत नाही, पाटीवर लिहून विचारावं लागतं. ते म्हणाले, 'त्याले एक पत्र लेहलं होतं. त्याचं उत्तर आलं की सांगतो.'"

सत्यभामाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नारायणराव बशीतल्या चहाकडे पाहत होते.

"तुमच्याकडे त्या वेळची वही असेल ना?" अनुपमा म्हणाली. "पद्धतीची मूळ कल्पना तुमच्या अक्षरात, तारखेसकट मिळाली, तर मी दोन नावं घालणार. सरांनी हरकत घेतली तरी घालणार. पंधरा जानेवारीला मजकूर छापायला जातोय. नुसता झेरॉक्स पाठवलात तरी चालेल."

"हाये ना वही!" सत्यभामाबाई उठल्याच. "ट्रंकेत हाये. आनू काय?"

"थांब," नारायणराव म्हणाले. "शोधावी लागेल. पोस्टानं पाठवतो."

जाताना अनुपमा चपला घालता घालता सहज बोलून गेली, "सहाव्या आकृतीतल्या चुकीचं मला नेहमी नवल वाटतं. तिच्यात अनंत नव्हतंच, त्यामुळे बेरजेत ती चूक पकडली जाणं शक्यच नव्हतं. तिला राखण म्हणजे दुसरा तपासणारा माणूस, एवढीच. नाही का?"

"हो," नारायणराव म्हणाले.

वही शोधावी लागणारच नव्हती. ट्रंकेत सर्वांत वर होती. पुठ्ठ्याची, निळ्या शाईची, मधे कुठे कुठे पेन्सिलची. काटकसरीची सवय म्हणून त्यांनी कधी पानाची पाठ कोरी सोडली नव्हती. पाचवी आकृती एका पानाच्या पुढच्या बाजूला संपत होती, समासात ती ओळ, खाली तारीख. आणि त्याच पानाच्या मागच्या बाजूला सहावी सुरू होऊन तिथंच आटपत होती. सहावी लहान होती.

तिच्यात दोन रेघा अगदी सारख्या होत्या. जुंपलेले दोन बैल हुबेहूब सारखे असले, तर डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे केला तरी जोडी तीच राहते. ती दोनदा मोजायची नसते. तसंच ते. गणित सहज दोनदा मोजून टाकतं, म्हणून शेवटी निम्मं करायचं.

नारायणनं निम्मं केलं होतं.

तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. उत्तर तयार होतं, पाकीट तयार होतं, लाख तापवायची राहिली होती. पौर्णिमेला दोन दिवस होते, आणि सहदेवचं पाकीट त्या दिवशी लवकरच आलं. नारायणनं ते टेबलावर ठेवलं, उचललं, उजेडात धरलं. सहा महिन्यांपूर्वी ती समासातली ओळ लिहिली तेव्हापासून त्याला एक भीती लागून राहिली होती, की आपल्याला सुचलेलं ते चुकून सुचलं, आता पुढच्या आकृतीत आपलं पितळ उघडं पडणार. त्यानं ब्लेडनं लाख कापली. सहदेवच्या उत्तरात निम्मं नव्हतं. नारायणच्या उत्तराच्या ते बरोबर दुप्पट होतं.

त्यानं पुन्हा गणित करून पाहिलं नाही. त्याला एवढंच वाटलं, की सहदेवचं कसं चुकेल? त्यानं रबर घेतलं आणि आपलं निम्मं खोडलं. इतकं खोडलं की तिथला कागद पातळ झाला. मग कोऱ्या कागदावर सहदेवचंच उत्तर उतरवून, लाख लावून पोस्टात टाकलं. आणि पौर्णिमेला कार्ड टाकलं: जुळलं.

पुढे निवृत्त होईपर्यंत पेपर तपासताना ते एक नियम मुलांना सांगत. दोघांचं बरोबर उत्तर सारखं आलं तर त्यात काही नाही, बरोबर उत्तर एकच असतं. पण दोघांची चूक सारखी आली की समजायचं, एकानं दुसऱ्याच्या पेपरात पाहिलं. मुलं हसत. सर किती हुशारीनं पकडतात, असं त्यांना वाटे. हुशारी सरांची नव्हती. ती एका निळ्या पत्रातून आली होती.

आठ दिवसांनी नारायणरावांनी स्टेशन रोडवर जाऊन त्या पानाचा झेरॉक्स काढला. पुढच्या बाजूचा. पाकिटावर अनुपमाचा पत्ता लिहिला आणि पाकीट देव्हाऱ्याजवळ ठेवलं. ते तिथं पाच दिवस राहिलं.

सहाव्या दिवशी सत्यभामाबाईंनी ते उचललं. "अजून टाकलं नाही? अन् येवढुसंच काऊन? येकच कागद हाये याच्यात."

"ओळ तेवढीच आहे."

"मांगच्या बाजूचं काऊन नाही काढलं? त्या पोरीनं सहावीचंही काढलं होतं ना?"

चाळीस वर्षं ऐकून ऐकून त्या बाईला आकृत्यांचे नंबर पाठ झाले होते, हे नारायणरावांच्या आत्ता लक्षात आलं. त्यांनी वही आणली, पान खिडकीच्या उजेडासमोर धरलं. एका ठिकाणी कागदातून उजेड गाळून येत होता.

"हे काय हाये?"

"इथं निम्मं होतं. मी खोडलं."

"चुकलं असन म्हनून खोडलं असन."

"चुकलं नव्हतं. बरोबर होतं." घरात ते असंही थोडंच बोलत; आता मात्र त्यांना थांबता येईना, आणि बोली आपोआप वर आली. "सहदेवचं पाकीट मी पौर्णिमेच्या आंधी फोडलं. त्याचं पाह्यलं अन् माह्यं खोडलं. मंग जुळलं म्हनून कार्ड टाकलं. त्यानं त्या भरवशावर छापलं."

"काऊन पन?"

"मले वाटलं, त्याचं कसं चुकन."

सत्यभामाबाई खाली पाटावर बसल्या. त्या वहीकडे न पाहता दाराकडे पाहत होत्या. त्याच दारात ब्याण्णव साली सहदेव येऊन उभा राहिला होता. अकोल्याला भाषण होतं, तिथून वाकडी वाट करून आला होता, हातात संत्र्यांची पिशवी. सत्यभामाबाईंनी त्याला चौकटीतच अडवलं होतं. ते घरी नाहीत, आणि असते तरी तुम्हाला भेटले नसते. तो पिशवी ओट्यावर ठेवून निघाला, तर ह्या मागे धावत कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि पिशवी त्याच्या हातात कोंबून आल्या.

"तुमी आतल्या खोलीत होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"आयकून राह्यले होते."

"हो."

"मी संत्रे वापस केले. भर रस्त्यात. तो मानूस पाहतच राह्यला माह्याकडे. मले वाटलं, लाजला चोर." त्यांचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "माह्या नवऱ्याले फसवलं म्हनून मी चाळीस वर्षं त्याच्या नावानं बोटं मोडली. त्याच्या घरून लगनपत्रिका आली, चुलीत घातली. अन् मले फसवून कोन राह्यलं होतं?"

फळ्यासमोर चिकटायची तशी नारायणरावांची जीभ चिकटली.

"पन नाव तं त्यानं खोडलंच ना?" सत्यभामाबाईंनीच विचारलं.

"खोडलंच."

"ओळ तं चोरलीच ना?"

"चोरलीच. चार पानं केली तिची."

"मंग पाठवा येकाच बाजूचं. कोनाले समजते?" त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. "मले समजते."

त्या दिवशी ताट वाढलं गेलं, पण 'जेवा' कोणी म्हणालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिसऱ्या दिवशी नारायणराव सकाळीच लिहायला बसले. पहिल्या खर्ड्यात त्यांनी वडील गेल्याचं, कॉलेजातल्या कामाच्या ओझ्याचं लिहिलं. वाचून पाहिलं, तर विद्यार्थ्यानं नापास झाल्यावर प्राचार्यांना लिहिलेल्या अर्जासारखं वाटलं. फाडला. दुसऱ्यात क्षमा हा शब्द चार वेळा आला होता, तोही फाडला. चोरीचा विषय काढावा की काढू नये, यातच दुपार गेली. आपण आता गुन्हेगार, आपल्याला तक्रारीचा काय अधिकार, असं एकदा वाटे. आणि लगेच ती पेनाची रेघ डोळ्यांपुढे येई, सरळ, हात जराही न थरथरता ओढलेली, आणि शेगावच्या नळाखालची ती रिकामी ओंजळ आठवे. एकानं दुसरं फिटत नव्हतं. शेवटी त्यांनी दोन्ही लिहिलं.

"सहदेव, तुझं पत्र मिळालं. सहावी मी स्वतः केली होती आणि बरोबर केली होती. मग तुझं पाकीट पौर्णिमेआधी फोडलं आणि माझं बरोबर उत्तर खोडून तुझं लिहिलं. 'जुळलं' हे कार्ड खोटं होतं. दुसरी-पाचवीची ओळ मात्र माझी होती. ती तू माझं नाव न घेता घेतलीस. त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि पाकीट मी फोडलं म्हणून ते कमी होत नाही, हे मी करून पाहिलं. तुझं नावाचं जे सांगायचं होतं ते आता सांग. ब्याण्णवला मी घरीच होतो. सत्यभामेला काही माहीत नव्हतं. संत्री तिनं परत केली ती माझ्यामुळे. वही पाठवतो आहे. नारायण."

पत्र आणि वही त्यांनी जाड पाकिटात घातली. एका बाजूचा तो झेरॉक्स फाडून टाकला. सत्यभामाबाई भाजी निवडता निवडता पाहत होत्या.

"पुरी वही त्यालेच? पोरीले नाही?"

"पत्र त्यानं लेहलं होतं."

"अन् त्यानं जाळून टाकली तं? तुमच्यापाशी काय राहीन मंग?"

"काहीच नाही."

"नावही जाईन."

"जाईन." नारायणरावांनी पाकिटाची कड बोटानं दाबून बसवली. "पन दोन्ही बाजू त्यानं वाचलेल्या राहतीन."

सत्यभामाबाईंनी मेथीची जुडी बाजूला सारली. "थांबा. पायऱ्या उंच हायेत तिथल्या," एवढंच म्हणाल्या आणि लुगड्याला हात पुसत चपला शोधू लागल्या.

पोस्टात खिडकीपलीकडे रेणुका होती. तिला बारावीला नारायणरावांनीच शिकवलं होतं.

"रजिस्टर करायचं आहे," ते म्हणाले.

"रजिस्टर बंद झालं सर. आता स्पीड पोस्टच." तिनं पाकीट काट्यावर ठेवलं. "पुणे. आत काय आहे?"

"वही."

"आणि घेणाऱ्याचा मोबाइल?"

"त्याला ऐकू येत नाही."

"नंबर तर लागेल ना सर."

त्यांनी अनुपमाचा नंबर दिला. रेणुकानं पट्टी चिकटवली आणि पाकीट मागच्या पेटीत टाकायला हात वर केला.

"एक मिनिट," नारायणराव म्हणाले. "पेन देता?"

पाकीट परत घेऊन, खिडकीच्या फळीवर टेकवून, पूर्वी जिथं लाख लावायचे त्या जागेवर त्यांनी जपून लिहिलं: पौर्णिमेची वाट पाहू नकोस. आल्याबरोबर फोड.

"कधी पोचेल?" त्यांनी विचारलं.

"परवा," रेणुका म्हणाली, आणि पाकीट पेटीत टाकलं.